तालीवरची उन्हाळी

एप्रिलच्या अखेरीला माणदेशातल्या माळावर हिरवं काय उरलंय ते शोधायला फार वेळ लागत नाही, कारण शोधण्याजोगं फारसं काही शिल्लकच नसतं. कुसळी गवत वाळून पांढरं पडलेलं असतं, बोरी-बाभळी आपापला जीव धरून उभ्या असतात आणि तरवड इथे-तिथे पिवळा दिसतो. याशिवाय तालीच्या उतारावर, निव्वळ मुरमात, गुडघाभर उंचीची करड्या-हिरव्या पानांची झुडपं असतात. ती कुणी लावलेली नसतात, त्यांना कुणी पाणी घातलेलं नसतं. आमच्याकडे या झुडपाला उन्हाळी म्हणतात. वैद्यांच्या पोथ्यांत ती शरपुंखा. गावाच्या लेखी ती तणच, आणि तणांतही मानाचं नाही. हराळीला आणि कुंद्याला शेतकरी निदान शिव्या तरी घालतो. उन्हाळीच्या वाट्याला तेवढंही लक्ष येत नाही.

मी ती मुद्दाम वाढवते. वडिलोपार्जित जमिनीतला वरचा तुकडा, ज्याला घरातले 'खडकाड' म्हणत आले, तो माझ्या वाट्याला आला आणि त्यात सीताफळं लावली. पाऊस इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बराचसा परतीचा. माती म्हणाल तर विळ्याचं टोक रुतेल एवढी, खाली मुरूम. अशा जागी बांधावर उन्हाळीचं बी टाकणाऱ्या बाईकडे भावकी कशा नजरेने बघते ते सांगायला नको. "तण पोसतीस व्हय गं?" असं दादाने विचारलं, तेव्हा त्याच्या स्वरात चेष्टा कमी आणि काळजी जास्त होती. भांगलणीला बायका लावून पैसे देऊन जे उपटायचं, ते ही पैसे न घेता पेरते, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असा त्याचा सरळ हिशोब.

उन्हाळी ओळखायची एक जुनी खूण आहे. पान संयुक्त असतं: मधल्या देठाच्या दोन्ही अंगांना जोडीजोडीने पर्णिका, आणि शेंड्याला एक सुटी. त्यातली एक पर्णिका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, एका हाताने बुडखा आणि दुसऱ्याने टोक, आणि हलकेच ओढायची. ती आडवी सरळ तुटत नाही. आतल्या शिरा मधल्या शिरेपासून तिरप्या आणि एकमेकींना समांतर निघालेल्या असतात. फाटताना पान त्या शिरांचीच वाट धरतं. हातात राहतो तो तुकडा बाणाच्या मागच्या पिसाऱ्यासारखा, मधोमध खोल खाच पडलेला. शरपुंखा हे नाव यातूनच आलं. आता शाळकरी पोरांना शेतावर नेलं की मी आधी हेच करायला लावते. झाडाविषयी दहा वाक्यं सांगण्यापेक्षा एक पान फाडू दिलेलं जास्त टिकतं. पोरं मग दिसेल त्या झाडाचं पान फाडत सुटतात, ही गोष्ट वेगळी.

फुलं जांभळट गुलाबी, लहान, पावसाळा सरता सरता येतात. शेंगा चपट्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, टोकाशी किंचित वर वळलेल्या. शेंगेवरूनच कळतं की ही मटकी, हुलगा, चवळीच्या गोतातली. फरक इतकाच की हुलगा चार महिन्यांत आपलं आयुष्य आटोपतो, आणि उन्हाळी एकदा मुळावली की काही वर्षं जागा सोडत नाही. पाऊस गेला तर पानं विरळ करते, सोटमूळ खाली मुरमाच्या भेगांत उतरलेलं असतं त्याच्या जोरावर तग धरते, आणि पुढच्या पावसाला बुडापासून फुटते.

शेंगा येतात म्हणजे नत्र मिळणारच, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. ते खरं नाही. तरवडाला शेंगा येतात, टाकळ्याला येतात, चिंच, बहावा, आपटा, गुलमोहर या सगळ्यांना येतात. पण यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरत नाहीत. वनस्पतिशास्त्र त्यांना एकाच मोठ्या कुळात बसवतं, तरी हवेतला नत्र बांधायचं काम त्यातल्या सगळ्यांना येत नाही. माळावर तरवड आणि उन्हाळी शेजारी शेजारी वाढतात, दोन्ही दुष्काळात हिरवी, दोन्हींना गुरं टाळतात. वरून पाहिलं तर तरवडच भारदस्त. पण जमिनीखाली काय चाललंय ते खणल्याशिवाय दिसत नाही.

आणि खणायचं तेही उपटून चालत नाही. झुडूप हिसकून काढलं तर गाठी मातीतच तुटून राहतात, आणि माणूस म्हणतो, छे, हिला तर काहीच नाही. पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले, मुरूम थोडा मऊ झाला की कुदळीने वीतभर लांबून घेर धरायचा, ढेकूळ अखंड बाहेर काढायचं आणि पाण्याच्या घमेल्यात ठेवून द्यायचं. माती आपसूक सुटते. मग बारीक मुळांवर गाठी दिसतात, काही मोहरीएवढ्या, काही त्याहून थोड्या मोठ्या, गोलसर. त्यातली एक नखाने चिरली की आत लालसर गुलाबी रंग दिसतो. हा रंग महत्त्वाचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचं एक लोहयुक्त द्रव्य त्या गाठीत असतं. नत्र बांधणारं विकर प्राणवायूने निकामी होतं, आणि त्याच वेळी गाठीतल्या जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच असतो. हे लाल द्रव्य तो बेताबेताने, मोजून पोचवतं. आत गुलाबी दिसलं तर गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर अजून सुरुवात नाही किंवा बिनकामाची. हिरवट-तपकिरी पडली तर तिचे दिवस भरले. उन्हाळ्यात खणलं तर सगळ्या सुकलेल्याच सापडतील. त्या पावसाबरोबर नव्याने धरतात.

या गाठींचं गूढ उलगडून अजून दीडशे वर्षंही झालेली नाहीत. जर्मनीतल्या हेलरीगेलने १८८६ साली शास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं की द्विदल झाडांना हवेतला नत्र मिळतो तो या गाठींमुळे, आणि दोन वर्षांनी नेदरलँड्समध्ये बायेरिंकने त्यातला जिवाणू वेगळा काढून वाढवला. त्याआधी हजारो वर्षं जगभरचे शेतकरी कडधान्याचा बेवड चांगला हे अनुभवाने जाणून होते. बेवड हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी रोजचा होता. हुलग्याच्या रानात शाळू चांगला येतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मात्र जिवाणूंचा पत्ता लागल्यावर एक गोष्ट नव्याने कळली: प्रत्येक झाडाचे जिवाणू ठरलेले असतात. हरभऱ्याचे चवळीला चालत नाहीत. उन्हाळी या बाबतीत चोखंदळ नाही. चवळी, मटकी, हुलगा यांच्याशी ज्या गटाचे जिवाणू जमवून घेतात, तेच तिलाही चालतात. माणदेशाच्या रानात पिढ्यान् पिढ्या हुलगा-मटकी झालेली. त्यामुळे इथे उन्हाळीच्या बियांना जिवाणू संवर्धकाची पाकिटं चोळायची गरज पडत नाही. जेवायला येणारे आधीच मातीत बसलेले आहेत.

जेवायला म्हणते ते खरोखर त्याच अर्थाने. जिवाणू नत्र देतो आणि झाड त्याला साखर पुरवतं. हा सौदा झाडाला स्वस्त पडत नाही. म्हणून जिथे मातीत आयता नत्र मिळतो तिथे झाड गाठी कमी धरतं. आमच्या गोठ्यामागे, उकिरड्याच्या कडेला, एक उन्हाळी उगवली होती. खांद्याला लागेल एवढी वाढली, पानं गडद. खणून पाहिली तर मुळांवर गाठी जवळजवळ नाहीतच. तालीवरची तिची बहीण निम्म्या उंचीची, रोडकी, पण मुळं गाठींनी भरलेली. ज्याला नत्र विकत घ्यावं लागत नाही तो कशाला कष्ट करील? खताच्या गोण्या ओतलेल्या रानात कडधान्याच्या मुळ्या का रित्या दिसतात, याचं उत्तरही तेच.

दुसरा एक गैरसमज याहून हट्टी आहे. नत्र बांधणारं झाड शेजारी लावलं की शेजारच्या झाडाला नत्र मिळत राहतं, असं लोक गृहीत धरतात. नुसत्या शेजाराने फार थोडं मिळतं. झाड जिवंत आहे तोवर त्याने बांधलेलं नत्र त्याचंच असतं. त्याच्या पानात, खोडात, शेंगेत. दुसऱ्याला मिळायचं तर ते पान गळावं लागतं, फांदी कापावी लागते, मूळ कुजावं लागतं. शेंगा भरायला लागल्या की झाड पानांतलं नत्र काढून बियांत साठवतं, आणि खोडं लाकडासारखी निबर होतात, जी कुजायला महिनोन् महिने लागतात. म्हणून कापायची वेळ एकच: फुलं लागायला सुरुवात झाली आणि शेंगा अजून धरायच्या आहेत, तेव्हा. आमच्याकडे ही वेळ परतीच्या पावसाच्या तोंडावर येते, हे आमचं नशीब. विळ्याने बुडापासून चार बोटं सोडून कापायची, पाला सीताफळाच्या आळ्यात पसरायचा, वरून हलकी माती ओढायची. पाऊस आला की ओलाव्यात तो कुजतो. पाऊस आलाच नाही तर निदान आच्छादन म्हणून ऊन अडवतो. आणि बुडखा जिवंत राहतो, पुन्हा फुटतो.

आता हिशोब. दादाला पटवायचा तर हिशोबच लागतो, आणि मलाही भाबडेपणाचा कंटाळा आहे. तमिळनाडूत भातशेतीच्या भागात ही वनस्पती कोळिंजी या नावाने हिरवळीचं खत म्हणून मुद्दाम पेरली जाते. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींत तिला जागा आहे. त्यांचा आकडा हेक्टरी ३ ते ४ टन हिरव्या पाल्याचा. धैंचा याच्या कितीतरी पट देतो, हेक्टरी २० टन आणि वरही. ताग त्याच्या खाली, पण उन्हाळीच्या खूप वर. उन्हाळीचा पाला वाळला की साधारण पाव हिस्सा वजन उरतं, त्यात नत्र अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पूर्ण हेक्टरभर उन्हाळी दाट उभी असली तरी हाती येणारं नत्र वीस-बावीस किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे वीस किलोंच्या थोडं वर. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. हेक्टरभर उन्हाळीचा वर्षाचा सगळा कारभार एका गोणीत बसला!

हा आकडा मी लपवत नाही. नैसर्गिक शेतीच्या नावाने जी भाषणं ऐकू येतात त्यांत तो सहसा येत नाही. तिथे प्रत्येक तण हे खताचा कारखाना असतं. ज्याच्याकडे पाण्याखालचं काळं रान आहे, त्याने उन्हाळीच्या नादी लागू नये. त्याने ताग घ्यावा, धैंचा घ्यावा, फुलावर आला की गाडावा आणि पुढचं पीक करावं.

पण तो दुसरा अर्धा हिशोबही मांडायला हवा. २६६ रुपये ही गोणीची खरी किंमत नव्हे. खरी किंमत याच्या कितीतरी पट आहे आणि मधला फरक सरकार अनुदान म्हणून भरतं. हवेतल्या नत्राचा अमोनिया करायला कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, आणि त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. उन्हाळीच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ तेच काम मातीच्या तापमानाला करते. आणि महत्त्वाचं हे की माझ्या खडकाड तुकड्यात गोणी ओतून उपयोगच नाही. मुरमात युरिया टिकवून धरायला काही नाही. पहिल्या जोराच्या सरीत तो ओघळीत जातो. त्या जमिनीला नत्राआधी माती हवी आहे, म्हणजे कुजलेला पाला, मुळ्यांचा भुगा, ओल धरणारं काहीतरी. वीस किलो नत्राबरोबर उन्हाळी टनभर सुका पाला देते. गोणी तो देत नाही.

धैंचा आणि ताग इथे का चालत नाहीत, हेही यातच आलं. त्यांना उगवायला पाऊस, वाढायला पाऊस, गाडल्यावर कुजायला पुन्हा पाऊस. माणदेशात एवढे पाऊस एका वर्षात मोजून मागायचे म्हणजे देवाची थट्टा. शिवाय त्यांच्यासाठी एक हंगाम मोडावा लागतो. ज्याच्याकडे बाजरी-मटकीचा एकच हंगाम आहे, तो हिरवळीच्या खतासाठी रान रिकामं ठेवणार नाही, आणि त्याला तसं सांगणाऱ्याने त्याच्या चुलीकडे एकदा बघून यावं. उन्हाळी हंगाम मागत नाही. तिला तालीचा उतार चालतो, बांधाची कड चालते, ओघळीचा काठ चालतो. पाणलोटाच्या कामांत डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले. त्या चरांच्या बाजूला काढलेली माती दोन पावसांत पुन्हा चरातच घसरते, हे आमच्या शिवारात कुणीही दाखवील. त्या भरावावर उन्हाळी धरली तर तिचं सोटमूळ आणि बाजूची मुळं ती माती बांधतात. मला विचाराल तर तिचा खरा उपयोग हाच. खत हा वरचा फायदा.

परदेशातही तिच्या भाऊबंदांकडून असंच काम घेतलं जातं. आसामच्या चहामळ्यांत जुनी झुडपं काढून नवी लावण्याआधी थकलेल्या जमिनीला सावरायला बोगा मेडेलोआ लावतात. ती याच वंशातली, पांढऱ्या फुलांची. आफ्रिकेत मलावी-झांबियाकडे मक्याच्या रानाला विसावा द्यायचा असेल तर पडीच्या काळात हिची दुसरी एक मोठी बहीण पेरतात. परदेशात म्हणाले आणि आसामही त्यात घातला. असू दे, माणच्या माळावरून आसाम तेवढाच लांब आहे.

पेरायची म्हटली की उन्हाळी आपला स्वभाव दाखवते. बी बारीक, करड्या ठिपक्यांचं, आणि कवच असं की पाणी आत जात नाही. नुसतं फेकलं तर काही बिया या वर्षी उगवतील, काही पुढच्या, काही तुमच्या नातवंडांच्या काळात म्हणा ना. झाडाच्या दृष्टीने ही शहाणी सोय आहे: एका फसव्या पावसावर सगळी पैज लावायची नाही. पेरणाऱ्याला मात्र ती सोय अडचणीची. तमिळनाडूतले शेतकरी बी वाळूत घासून घेतात म्हणजे कवचाला ओरखडे पडतात. किंवा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवतात. मी दुसरी पद्धत वापरते, कारण वाळू घासायला हाताला जोर लागतो आणि तो आता राहिलेला नाही. पाणी उकळलं की भांडं खाली उतरवायचं, फडक्यात सैल बांधलेलं बी त्यात सोडायचं, थोड्या वेळाने काढून थंड पाण्यात टाकायचं. रात्रभरात ज्या बिया फुगल्या त्या पेरायच्या. न फुगलेल्यांना पुन्हा तेच. रोहिणीचे पाऊस फसवे असतात, म्हणून मृगात ओल नीट उतरली की तालीवर काठीने रेघ ओढून बी टाकायचं आणि पायाने माती लोटायची. एवढंच.

पहिल्या वर्षी फार काही दिसत नाही. वीतभर काडी आणि चार पानं. सगळा जोर खाली चाललेला असतो. घाई असलेल्या माणसाने हे झाड लावू नये, त्याचा रक्तदाब वाढेल.

गुरं उन्हाळीला तोंड लावत नाहीत, म्हणून ती टिकते. आमच्या शिवारात दिवाळीनंतर मेंढरांचे वाडे येतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात आणि मेंढपाळाला त्याबदली धान्य नाहीतर पैसे देतात. दरवर्षी येणारे एक नाना आहेत. मी तालीवरच्या उन्हाळीची विचारणा केली तर ते म्हणाले, "ताई, कवळं असंल तर मेंढरू शेंडा खुडंल. पर निबार झालं का वास घिऊन म्होरं जातंय. म्हणून तर ऱ्हायलंय, न्हाईतर आमच्या मेंढरांनी माळावर काय ठिवलंय का?" मेंढ्यांच्या मालकाने स्वतःच्या मेंढ्यांविषयी इतकं खरं बोलावं, हे मला आवडलं. त्यांचंच गणित पुढे नेलं तर माळावर आज जे उरलं आहे ते बहुतेक मेंढरांना न आवडणारं आहे: तरवड, रुई, घाणेरी आणि उन्हाळी. त्यांतली जमिनीला काही परत करणारी निवडायची, तर माझं मत कुणाला जाईल ते आता सांगायला नको.

जनावरं हिला का टाळतात त्यामागे कारण आहे. या वंशातल्या झाडांत रोटेनॉन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. कीटक आणि मासे यांच्या पेशींचा श्वास ती बंद पाडतात. हवाई बेटांवर या आपल्याच उन्हाळीला औहुहू म्हणतात, आणि तिथले लोक ती ठेचून समुद्रकाठच्या खडकांतल्या डबक्यांत टाकत. मासे गुंगून वर येत आणि हाताने गोळा करता येत. मलावीकडे तिच्या थोरल्या बहिणीचा वाळला पाला साठवणीच्या कडधान्यात भुंगा लागू नये म्हणून मिसळतात. आमच्याकडे आता गावोगाव शेततळी झाली आहेत आणि बऱ्याच जणांनी त्यांत मासे सोडले आहेत. त्यांना एवढंच सांगणं की शेततळ्याच्या बांधावर उन्हाळी खुशाल धरा, माती चांगली राहील; पण कापलेला पाला पाण्यात पडू देऊ नका.

औषधाचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला माझ्याहून अधिकारी लोक आहेत. आयुर्वेदात शरपुंखा प्लीहा आणि यकृताच्या विकारांवर सांगितली आहे. तिचं एक नावच प्लीहशत्रू. भावप्रकाशात ती आहे. दात ठणकला की जुनी माणसं तिचं मूळ चघळत. आमच्या भांगलणीला येणाऱ्या अक्का अजूनही कावीळ झालेल्याला तिचा काढा द्यायला सांगतात, आणि मी त्यांना प्रत्येक वेळी आधी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यायला सांगते. काविळीची कारणं अनेक असतात आणि त्यांतली काही वाट बघत नाहीत. शिवाय मुळासाठी खणायचं म्हणजे अख्खं झाड जातं. कुणी मूळ मागायला आलं तर मी तालीवरचं देत नाही. गोठ्यामागचं ते गलेलठ्ठ झाड दाखवते.

अक्कांवरून आठवलं. उन्हाळी न उपटायला त्यांना शिकवणं हे सगळ्यांत अवघड काम होतं. त्यांच्या हाताला सवय अशी की खुरपं फिरलं की सऱ्या साफ. मालकिणीने तण राखायला सांगावं हे त्यांच्या कष्टाचाच अपमान केल्यासारखं त्यांना वाटलं असणार. मी त्यांना समजावायला गाठी दाखवल्या, चिरून आतला रंग दाखवला. त्यांनी तो बघितला, पदराला बोट पुसलं आणि विचारलं, "मग हुलग्याच्या मुळाला पण हेच असतंय की. त्याला तर आपण उपटूनच काढतो." मुद्दा बिनतोड होता. आम्ही हुलगा मुळासकट उपटून खळ्यावर नेतो, आणि बेवडाचा बराचसा भाग मुळ्यांना चिकटून खळ्यावर जातो, तिथून गोठ्यात, तिथून उकिरड्यावर. परत रानात येतो तो पुढच्या उन्हाळ्यात, आला तर. त्यानंतर आमच्याकडे हुलगा विळ्याने कापतात. ही सुधारणा अक्कांच्या नावावर जमा आहे, माझ्या नव्हे.

वरच्या तुकड्यात आता काय बदललंय असं दादा विचारतो. सीताफळाच्या आळ्यांतली माती काळपट झाली आहे, कोरड्यातही मुठीत धरली तर थोडी दमट लागते, आणि गांडुळांची विष्ठा दिसते जी पूर्वी तिथे नव्हती. फळं वाढली का? थोडी. ती पाऊस बरा झाल्यामुळे वाढली की पाल्यामुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ताल मात्र फुटलेली नाही. उन्हाळी नसलेली खालची ताल दोनदा बांधून घ्यावी लागली, आणि जेसीबीचा तासाचा दर दादाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्याआधी त्याने स्वतःच बियांची विचारणा केली, तीसुद्धा "शेजाऱ्याला हवंय" म्हणून.

तुमच्याकडे मुरमाड उतार असेल, ताल वारंवार फुटत असेल, किंवा कोरडवाहू फळझाडांच्या आळ्यांत टाकायला पाला मिळत नसेल, तर उन्हाळी धरा. चांगल्या रानात धरू नका. बी विकत मिळण्याच्या भानगडीत पडायचं कारण नाही. तुमच्या शिवारात कुठल्या ना कुठल्या बांधावर ती उभी असणार, पान फाडून खात्री करून घ्या. सगळी कापू नका, दर दोन-तीन झुडपांमागे एक बियांसाठी सोडा. शेंगा वाळल्या की उन्हात पीळ पडून फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून गोळा करायला मार्गशीर्षात पहाटे जा, दव असताना. आमच्या भागातले असाल तर आमच्या तालीवरूनही न्या, पिशवी मात्र कापडी आणा. प्लॅस्टिकमध्ये दमट शेंगांना बुरशी येते.